काड्यापेटीतील संसार

व्यंगचित्रपट म्हणजे लहान मुलांचा खाऊ, अशी आपल्या सुशिक्षित घरांतून एक सर्वसाधारण समजूत आहे. मुले जेवेनाशी झाली म्हणजे दूरचित्रवाणीवर मोटू-पतलू लावून द्यावेत, चार घास पोटात गेले की ते बंद करावे, आणि मग वडीलधाऱ्यांनी आपल्या बातम्यांकडे अथवा मालिकांकडे वळावे, हा परिपाठ ज्या घरात नाही असे घर विरळाच. प्रस्तुत लेखकही या समजुतीस अपवाद नव्हता. माझी सारी नोकरी मुलांना संस्कृत व मराठी शिकविण्यात गेली. त्या काळात वहीच्या मागील पानावर मास्तरांचे चित्र काढणाऱ्या किती विद्यार्थ्यांस बाकावर उभे केले, याची गणती नाही. त्यांतील एखादे चित्र हुबेहूब साधलेले असे, हे तेव्हाही मनातून कळत होते. पण तसे कबूल करणे शिस्तीस धरून झाले नसते.

या समजुतीस पहिला धक्का गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरातच बसला. आमचे कुटुंब सोलापुरात एकत्र राहते. माझे थोरले बंधू, ज्यांना सारे घर दादा म्हणते, त्यांची नात बारावी उत्तीर्ण झाली. गुण उत्तम पडले. तेव्हा अभियांत्रिकी की वैद्यक, एवढाच काय तो प्रश्न मंडळींपुढे होता. एके रात्री जेवणे आटोपल्यावर तिने शांतपणे सांगितले, "मला ॲनिमेशन शिकायचे आहे. मोठ्या माणसांसाठी कार्टूनची मालिका करायची आहे. आपल्यासारख्याच एका घराची." क्षणभर कोणी काही बोलले नाही. मग दादा म्हणाले, "मोठ्या माणसांनी कार्टून पाहायचे? आणि आपल्या घरात हसण्यासारखे आहे काय?"

दादांच्या या दोन प्रश्नांची उत्तरे शोधण्याचे काम, घरात मीच काय तो रिकामा असल्यामुळे, माझ्याकडे आले. प्रस्तुत लेख म्हणजे त्या शोधाचा वृत्तान्त होय.

चित्रे मुलांचीच काय?

संस्कृताच्या शिक्षकास प्रथम आठवावे ते भवभूतीचे 'उत्तररामचरित'. त्याचा पहिला अंक चित्रदर्शनाचा आहे. राम, सीता आणि लक्ष्मण ही तिघे चित्रांच्या मालिकेसमोर उभी राहून आपलाच गेलेला काळ पाहतात. शूर्पणखेच्या चित्रापाशी येताच सीता दचकते, आणि हे केवळ चित्र आहे, अशी रामास तिची समजूत घालावी लागते. प्रौढ, सोसलेली माणसे. परंतु स्वतःच्या संसाराची चित्रे पाहताना त्यांचे भान हरपते. हा अंक मी किती वेळा वाचला असेन. पण चित्र पाहणे हा पोरखेळ आहे, असे तो वाचताना कधी मनात आले नाही.

आपल्या कोकणात, सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळी गावी, ठाकर समाजातील चित्रकथी हेच पिढ्यान्‌पिढ्या करीत आले. रामायण-महाभारतातील प्रसंगांची सुटी चित्रे पोथीसारखी एकत्र ठेवावयाची, त्यांतील एकेक श्रोत्यांपुढे उभे करावयाचे, आणि गात-बोलत कथा पुढे न्यावयाची. समोर बसणारा श्रोता म्हणजे सारा गाव. ही परंपरा जतन करणाऱ्या परशुराम गंगावणे यांस २०२१ साली पद्मश्री मिळाली.

चित्र हलू लागले तेही प्रथम मोठ्यांच्याच कामासाठी. दादासाहेब फाळके १९१२ साली विलायतेहून कॅमेरा घेऊन परतले, तेव्हा त्यांच्यापाशी यंत्र होते, भांडवल नव्हते. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि ठराविक अंतराने रोपाची एकेक चौकट टिपली. महिन्याभराची वाढ पडद्यावर मिनिटभरात दिसली. हीच ती 'अंकुराची वाढ'. ती पाहून सावकाराचा विश्वास बसला आणि 'राजा हरिश्चंद्र' उभा राहिला. पुढे १९१५ साली त्यांनी 'आगकाड्यांची मौज' केली. काडी किंचित सरकवावयाची, एक चौकट टिपावयाची, पुन्हा काडी सरकवावयाची, आणि पडद्यावर काड्या आपापल्या चालू लागावयाच्या. व्यंगचित्रपटाचे सारे शास्त्र एवढेच आहे. बाकीचा सर्व विस्तार.

हे काम एकट्याने होत नसते, हेही फाळक्यांच्या घरात दिसते. कोऱ्या फिल्मच्या कडांना भोके पाडण्याचे काम त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई अंधारात बसून करीत. शिवाय कंपनीतील मंडळींचा स्वयंपाक त्यांच्याकडेच असे.

त्यानंतरची परंपराही क्षीण नाही. 'प्रभात'ने १९३४ साली 'जंबूकाका' हा व्यंगचित्रपट काढला. स्वातंत्र्यानंतर मुंबईस सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये व्यंगचित्रांचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. वॉल्ट डिस्ने यांच्या कारखान्यात काम केलेले क्लेअर वीक्स यांनी १९५६ च्या सुमारास तेथील तरुणांस शिकविले. त्यांच्या हाताखाली तयार झालेले राम मोहन हे पुढे भारतीय ॲनिमेशनचे जनक मानले गेले. मुख्य चित्रपटापूर्वी दाखविली जाणारी या विभागाची कुटुंबनियोजनावरील व्यंगचित्रे लहानपणी सोलापूरच्या थिएटरांत पाहिल्याचे मला स्मरते. ती मुलांसाठी खासच नव्हती. किंबहुना ती चालू असताना आमच्या मातोश्री आम्हांस काहीबाही विचारून आमचे लक्ष दुसरीकडे वळवीत. १९७७ सालच्या सत्यजित राय यांच्या 'शतरंज के खिलाडी' या चित्रपटात, डलहौसीने एकामागून एक संस्थाने गिळली तो प्रसंग चेरीच्या फळांच्या रूपाने चित्रे हलवून दाखविला आहे, तोही राम मोहन यांच्याच हातचा. ज्या धोरणात आपला सातारा आणि नागपूर गेले, त्यावरील हे हसू मुलांना कसे कळावे?

तेव्हा दादांच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. मोठ्या माणसांनी हलती चित्रे पाहावयाची रीत आपल्याकडे शंभर वर्षांहून जुनी आहे. मात्र वरील यादीत एक गोष्ट नाही. एकाच कुटुंबाची, दर आठवड्यास आपल्याकडे येणारी विनोदी मालिका. ती पाहावयास समुद्रापार जावे लागते.

अश्मयुगातील शेजारी

अमेरिकेत विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा या जोडीने 'टॉम आणि जेरी'ची व्यंगचित्रे अनेक वर्षे काढली. १९५७ साली त्यांच्या कंपनीने व्यंगचित्रांचा विभागच बंद केला आणि दोघेही रस्त्यावर आले. चित्रपटगृहांची मागणी ओसरली होती. दूरचित्रवाणीस चित्रे हवी होती, पण ती देऊ करी ती रक्कम पूर्वीच्या मानाने अगदीच अल्प. अशा अडचणीत त्यांनी दोन गोष्टी केल्या. पहिली, चित्रे कमी केली. पात्र बोलत असेल तर केवळ तोंड हलवावयाचे. चालत असेल तर पाय तेवढे. मागील देखावा तोच पुन्हा पुन्हा सरकवावयाचा. त्यांच्या योगी अस्वलाच्या गळ्यात कॉलर आणि टाय असे, तो शोभेसाठी नव्हे. गळ्याशी रेघ पडली म्हणजे धड तसेच ठेवून डोके तेवढे नव्याने काढता येई.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. हालचाल कमी झाली तेव्हा करमणुकीचा भार शब्दांवर आला, आणि शब्द म्हटले की ऐकणारा प्रौढ आलाच. त्यांनी त्या काळच्या एका लोकप्रिय नट-नटींच्या कौटुंबिक मालिकेचा धागा घेतला आणि ते कुटुंब अश्मयुगात नेऊन बसविले. दगडाची मोटार, पायांनी पळवावयाची, दगडाचे वर्तमानपत्र, पण नवराबायकोची कुरबुर, शेजाऱ्याची बरोबरी आणि साहेबाची भीती मात्र आजची. बार्बेरा ही कल्पना घेऊन न्यूयॉर्कात आठ आठवडे वाहिन्यांचे उंबरठे झिजवीत होते; अखेर एबीसी या वाहिनीने ती घेतली. ३० सप्टेंबर १९६० च्या रात्री 'फ्लिंटस्टोन्स' सुरू झाली आणि १९६६ पर्यंत तिचे १६६ भाग झाले. आरंभी तिचा खर्च उचलणाऱ्यांत सिगारेटची एक कंपनी होती, यावरून प्रेक्षक म्हणून कोण अपेक्षित होते हे उघड आहे.

दुसरे प्रसिद्ध कुटुंब 'सिम्पसन्स'. मॅट ग्रोनिंग या व्यंगचित्रकाराने निर्मात्याच्या कचेरीत भेटीची वाट पाहत असताना ही माणसे कागदावर उतरविली, आणि नावे दिली ती स्वतःच्याच घरातील. वडील होमर, आई मार्ज, बहिणी लिसा आणि मॅगी. एक मुलाचे नाव तेवढे बदलले. १९८७ साली दुसऱ्याच्या कार्यक्रमात मिनिटा-दोन मिनिटांची ठिगळे म्हणून ती आली आणि १७ डिसेंबर १९८९ पासून स्वतंत्र अर्ध्या तासाची झाली. त्यापूर्वी जो भाग कोरियातून चित्रे होऊन परत आला, तो इतका बिघडलेला होता की पुष्कळसे काम पुन्हा करावे लागले, आणि आरंभाची तारीखच पुढे ढकलावी लागली. हे मी नातीस मुद्दाम वाचून दाखविले; पहिला कित्ता गिरगटला म्हणून पाटी फोडावयाची नसते.

परंतु हे वाचीत असता मला राहून राहून आठवण येत होती ती चिं. वि. जोशी यांच्या चिमणरावाची. पाली भाषेचा हा गाढा पंडित. पण त्याने मध्यमवर्गीय ब्राह्मण घरातील फजितीचे असे चित्र काढले की प्रत्येक वाचकास शेजारचे घर आठवावे. पुढे १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबई दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर व बाळ कर्वे यांनी चिमणराव आणि गुंड्याभाऊ घरोघर नेले, तेव्हा ज्यांच्याकडे दूरचित्रवाणी होती त्यांच्या ओसरीवर अर्धी आळी जमत असे. फ्लिंटस्टोन आणि सिम्पसन यांच्या घरांत जे आहे, ते चिमणरावाच्या घरात आधीच होते. घर तेच, केवळ नटांऐवजी रेषा. दादांच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर येथे सापडेल असे वाटू लागले.

एक भाग कसा तयार होतो

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. नातीने वहीत आकृत्या काढून मला ती समजावून दिली. माझा शिष्यभावाचा तो पहिलाच प्रसंग.

आरंभ पात्रांपासून होतो. प्रत्येक पात्राचे समोरून, बाजूने, पाठीमागून चित्र काढून एक तक्ता करतात, म्हणजे पन्नास चित्रकारांनी काढले तरी नाक तेच राहावे. केवळ सावली पडली तरी कोण ते ओळखू यावे, अशी प्रत्येकाची बाह्यरेषा निराळी हवी. आपण नाही का, दोन रेघांत गणपती ओळखतो?

मग लेखन. चारसहा लेखक एका खोलीत बसून, आपल्याकडे लग्नाच्या याद्यांवर घासाघीस चालते तशी, एकेका वाक्यावर घासाघीस करतात. संहिता झाली की नट मेजाभोवती बसून ती मोठ्याने वाचतात. जेथे कोणी हसत नाही तेथे खूण करून पुन्हा लेखन. या मालिकांचा एक अलिखित नियम असा की, भागात कितीही उलथापालथ झाली तरी शेवटी घर होते तेथे परत यावे. माणसे वयाने वाढत नाहीत. सिम्पसनांचा बार्ट दहाच वर्षांचा राहिला आहे. पुराणातील नारदाप्रमाणे ही पात्रे येतात, कळ लावतात आणि होती तशीच राहतात.

यानंतरचा क्रम ऐकून मला नवल वाटले. माझी कल्पना अशी की, चित्रे आधी निघत असतील आणि आवाज मागाहून भरीत असतील. या मालिकांत वस्तुतः उलट आहे. आवाज प्रथम ध्वनिमुद्रित करतात. चित्रकार तो ऐकून, कोणत्या क्षणी कोणता वर्ण उच्चारला जातो हे मोजून, त्याप्रमाणे ओठ काढतो. तोंडाचे आठदहा ठराविक आकार करून ठेवलेले असतात. ते सांगताना नात थांबली आणि म्हणाली, "आजोबा, हे आकार इंग्रजी बोलण्यासाठी ठरवलेले आहेत. मराठीसाठी कोणते घ्यायचे, हे तुम्ही सांगाल का?"

निवृत्त झाल्यापासून मला असा प्रश्न कोणी विचारला नव्हता. मी वर्णांची उच्चारस्थाने सांगू लागलो. प, फ, ब, भ, म हे ओष्ठ्य. ओठ मिटल्याखेरीज ते निघत नाहीत, म्हणून तेथे मिटलेले तोंडच हवे. उ आणि ओ यांस ओठांचा चंबू. व हा दन्तोष्ठ्य. वरचे दात खालच्या ओठाशी. इ आणि ए यांस ओठ ताणलेले. आ म्हणताना जबडा उघडा. कण्ठ्य वर्ण आत उच्चारले जातात. बाहेरून पाहणाऱ्यास ते पुढील स्वरावरूनच कळतात, म्हणून त्यांस निराळे चित्र नको. ती भराभर तोंडे काढीत गेली, आणि तासाभरात एका पानावर आमचे वर्णस्थानांचे प्रकरण डोळ्यांना दिसू लागले. शिक्षाशास्त्राचा असा उपयोग होईल, हे आमच्या शास्त्रीबुवांनाही सुचले नसते.

आवाजानंतर स्टोरीबोर्ड, म्हणजे साऱ्या भागाची लहान लहान चौकटींत मांडलेली कच्ची चित्रे. ती ध्वनीबरोबर जोडून पाहिली म्हणजे त्यास ॲनिमॅटिक म्हणतात. विनोद साधतो की नाही, हे येथेच कळते आणि बदल करणे येथेच स्वस्त पडते. पुढे मुख्य चित्रकार हालचालीचा आरंभ आणि शेवट काढतो. मधली चित्रे साहाय्यक भरतात. पूर्वी ती पारदर्शक पत्र्यावर उमटवून मागील बाजूने रंगवीत. आता हे काम संगणकावर होते. शेवटी देखावे, रंग, संगीत आणि आवाजांची जुळणी.

हिशेब केला तर छाती दडपते. अर्ध्या तासाचा भाग जाहिराती वगळता सुमारे २२ मिनिटांचा. चित्रपटाच्या हिशेबाने सेकंदास २४ चौकटी धरल्या, तर ३१,६८० चौकटी. एकेक चित्र दोन चौकटी टिकविले तरी १५,८४० चित्रे. एका भागास लेखनापासून प्रक्षेपणापर्यंत सहा महिन्यांहून अधिक काळ लागतो, म्हणून एकाच वेळी अनेक भाग निरनिराळ्या अवस्थांत असतात. एक लिहिला जात आहे, दुसऱ्याचे आवाज भरत आहेत, तिसरा रंगत आहे. एकत्र कुटुंबाच्या स्वयंपाकघरासारखेच म्हणावयाचे.

ताणा आणि बाणा

हे सारे परके वाटू नये म्हणून मी नातीस घेऊन माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या कारखान्यात गेलो. सोलापुरी चादरीचे नक्षीकाम जेकार्डच्या मागावर होते. नक्षी प्रथम चौकटींच्या कागदावर उतरवितात. मग प्रत्येक आडव्या ओळीसाठी पुठ्ठ्याचे एकेक कार्ड घेऊन त्यास भोके पाडतात. भोक असेल तेथे ताण्याचा धागा उचलला जातो, नसेल तेथे नाही, आणि बाण्याचा एक धागा आरपार जातो. एक कार्ड, एक धागा. शेकडो कार्डे फिरली म्हणजे कोठे एक मोर पुरा होतो. फ्रान्समधील जेकार्ड याने १८०४ च्या सुमारास सिद्ध केलेली ही युक्ती आमच्या गावातील पद्मशाली विणकरांच्या अंगवळणी पडून गेली आहे.

नात बराच वेळ त्या फिरत्या कार्डांकडे पाहत होती. मग म्हणाली, "आजोबा, हेही एकेक चौकटच आहे." कारखान्याचा मालक हसला आणि म्हणाला, "सर, फरक एवढाच, आमचा मोर जागचा हलत नाही."

आक्षेप

परत आल्यावर मी दादांस सर्व सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि तीन आक्षेप काढले. ते येथे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजेत. कारण ते केवळ हट्टाचे नव्हते.

पहिला अश्लीलतेचा. 'मोठ्यांसाठी' हा शब्द लावून पुष्कळ ठिकाणी केवळ शिवराळपणा खपविला जातो, हे दादांचे म्हणणे खोटे नाही. त्यावर मी भरतमुनींचा आधार घेतला. नाट्यशास्त्रात हास्याचे सहा प्रकार सांगितले आहेत. स्मित व हसित ही उत्तम प्रकृतीच्या माणसांची, विहसित व उपहसित मध्यमांची, अपहसित व अतिहसित अधमांची. रेषेने काढलेले पात्र यांपैकी कोणते हसू आणील, हे लेखकावर अवलंबून आहे. दोष चित्राचा नव्हे. दुसऱ्याला हसण्यात धोकाही असतो. सिम्पसन्समध्ये अपू नावाचा एक भारतीय दुकानदार होता. त्याचा ओढूनताणून केलेला उच्चार तिकडील भारतीय मुलांना शाळेत चिडविण्यास उपयोगी पडे. त्यावर २०१७ साली हरी कोंडाबोलू यांनी एक माहितीपट केला, आणि २०२० साली त्या पात्रास आवाज देणाऱ्या गोऱ्या नटाने ते काम सोडले. घरातल्यांनी घराला हसावे, हे अधिक निर्धोक. नातीस तेच करावयाचे होते.

दुसरा आक्षेप पोटाचा. "या गावात गिरण्यांचे भोंगे ऐकून लोक घड्याळे लावीत," दादा म्हणाले. "गिरण्या गेल्या. हाताचा धंदा यंत्र गिळते, हे सोलापूरकरास शिकवावे लागत नाही. आता तर म्हणतात, संगणक आपणच चित्रे काढतो." हे खरेच आहे. मधली चित्रे भरण्याचे काम यंत्राकडे जात आहे आणि ज्यांचे पोट त्यावर आहे त्यांची स्थिती उद्या काय होईल, हे सांगवत नाही. यावर माझ्यापाशी पुरते उत्तर नव्हते. एवढेच म्हणालो की, मोर कोठे बसवावयाचा हे कार्डांनी ठरविलेले नाही.

तिसरा आक्षेप एकटेपणाचा. मुलगी परगावी काय करील. त्याचे उत्तर गीतांजली राव यांच्या उदाहरणात मिळाले. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या या बाईंनी एका एकाकी वृद्धेची आणि तिच्या मांजराची गोष्ट 'प्रिंटेड रेनबो' या लघुपटात स्वतःच्या हाताने चित्रे रंगवून सांगितली. ती वृद्धा काड्यापेट्यांवरील चित्रे जमविते आणि त्या चित्रांच्या जगात शिरते. २००६ साली कान येथील महोत्सवात त्यास पारितोषिके मिळाली. त्यांच्याच 'बॉम्बे रोज' या पूर्ण लांबीच्या चित्रपटाने २०१९ साली व्हेनिस येथील समीक्षक-सप्ताहाचा आरंभ झाला. तो मुंबईतच, सौमित्र रानडे यांच्या पेपरबोट संस्थेत, अनेक चित्रकारांनी मिळून रंगविला. दादा काही बोलले नाहीत. वर्तमानपत्र उघडून बसले.

काड्यापेट्यांचे गूढ

त्यानंतर आठवड्याभरातच आमच्या घरातील काड्यापेट्या नाहीशा होऊ लागल्या. देवापुढील निरांजन लावावयास काडी मिळेना, तेव्हा वहिनींनी सर्वांस धारेवर धरले. सूनबाईंनी नवीन डझन आणवले. तेही दोन दिवसांत गेले. माडीवरील खोलीचे दार बंद असे आणि आतून काही आवाज येत नसे.

पाचव्या दिवशी रात्री नातीने सर्वांस माजघरात बसविले आणि भ्रमणध्वनी दूरचित्रवाणीस जोडला. पडद्यावर आमचे जेवणाचे मेज. त्यावर काड्या उभ्या. एक उंच काडी, गुल जळून काळा झालेला, पुढे किंचित वाकलेली. एक ठेंगणी, पेटीच्या कडेला टेकलेली. तीनचार बारीक, सतत जागा बदलणाऱ्या. आणि मग आवाज आला तो दादांचा. "आजचा पेपर कोणी नेला?" पोरीने सकाळची ही नित्याची चकमक आधीच ध्वनिमुद्रित करून ठेवली होती. बोलताना उंच काडी फक्त वरच्या टोकाला हले. बाकी अंग स्थिर. ठेंगणी काडी, म्हणजे प्रस्तुत लेखक, पेपर खाली दडवून संस्कृत सुभाषितांचा विषय काढीत होती. निरांजनाशेजारची एक काडी मध्येच भडकन पेटली, आणि वहिनींचा आवाज आला, "माझ्या देवापुढची काडी कोणी घेतली?"

सारे चाळीस सेकंदांचे काम. सेकंदास बारा चित्रे धरून ४८० वेळा तिने काड्या हलविल्या होत्या. वहिनी प्रथम हसल्या, मग सूनबाई, मग मुले. मी दादांकडे पाहिले. भरतमुनींच्या यादीत स्मित म्हणजे गाल किंचित फुलतात पण दात दिसत नाहीत. ते तेथवर आले होते. मग वाक्य पुन्हा लागले आणि हसिताची पायरी ओलांडून कोठवर गेले, ते वडील बंधूंच्या मानासाठी येथे लिहीत नाही.

हसू आवरल्यावर त्यांनी विचारले, "माझी काडी इतकी वाकलेली का?"

"तुम्ही पेपर शोधताना वाकता, आजोबा," ती म्हणाली. "सरळ केली तर तुम्ही वाटत नव्हतात."

दादांनी पुन्हा एकदा ते चित्र लावावयास सांगितले. दुसऱ्या दिवशी सकाळी पेपर मी त्यांच्या हाती आपण होऊन नेऊन दिला. तो न उघडता ते नातीच्या खोलीपाशी गेले आणि दाराबाहेरूनच म्हणाले, "अहमदाबादच्या त्या एनआयडीचा फॉर्म काय तो दाखव. आणि आईला काड्यापेट्या भरून दे आधी."